खटका बोटांसाठी असतो

मराठीत ‘खटक्याचा चाकू’ म्हटले की डोळ्यांसमोर पहिल्यांदा उभा राहतो तो हिंदी सिनेमातला गुंड. अंधारी गल्ली, ‘खट्’ असा आवाज आणि चकाकणारे पाते. १९६५च्या ‘वक्त’मध्ये राज कुमारने चाकूवरून फेकलेला संवाद आजही लोकांच्या तोंडी आहे. पुढच्या दोन दशकांतल्या चित्रपटांनी तर ‘रामपुरी’ हा शब्द घरोघर पोहोचवला. या पडद्याने घडीच्या चाकूचे मोठे नुकसान केले. पाते जागच्या जागी घट्ट धरणारा खटका मारणाऱ्याच्या सोयीसाठी असतो, ही समजूत तिथूनच पक्की झाली. खटका असतो तो चाकू हातात धरणाऱ्याची बोटे शाबूत राहावीत म्हणून, आणि घडीचा चाकू घेताना सगळ्यात आधी तोच पाहायला हवा.

गिर्यारोहणाचे सामान विकणाऱ्या कुठल्याही दुकानात कान देऊन ऐकावे. गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारते पोलादाबद्दल, दुसरा किमतीबद्दल. पाते किती मिलिमीटर जाड, त्यावर दमास्कसची नक्षी आहे का, हेही विचारले जाते. पण बंद करताना बोट पात्याच्या वाटेत येते का, ओल्या हातात मूठ फिरते का, पाठीवर दाब आला तर पाते मिटते का, हे क्वचितच कोणी विचारते. हा क्रम उलटा करायला हवा.

एकसंध चाकूत पात्याचे पोलाद थेट मुठीच्या आत गेलेले असते. घडीच्या चाकूत नेमक्या त्याच ठिकाणी बिजागरी असते. म्हणजे जिथे सर्वांत जास्त ताकद हवी तिथेच सांधा. तरीही साधा, बिनखटक्याचा चाकू माणसे आयुष्यभर वापरतात आणि त्यांना काही होत नाही. याचे कारण कापण्याच्या दिशेत आहे. वस्तू कापताना जोर धारेवर येतो आणि तो पात्याला आणखी उघडण्याच्या दिशेने ढकलतो. मुठीतला अडसर तो जोर सहज पेलतो. कोकणात आंब्याचे पाचर कलम किंवा कोय कलम बांधणाऱ्यांच्या हातातला चाकू पाहावा. त्याला एकाच अंगाने धार असते, सुताराच्या पटाशीसारखी. काडीवर एका ओढीत तिरकस, गुळगुळीत काप घ्यायचा असतो. अशा कामाला खटका लागतच नाही. हंगामात शेकडो काप घेणाऱ्या माळ्याच्या चाकूत बहुधा फक्त पाठीमागची एक कमान असते.

धोका सुरू होतो तो चाकू आडवळणाने वापरला की. तोच कलमाचा चाकू उचलून प्लास्टिकच्या डब्याला भोक पाडायला घेतला, टोक खुपसले आणि हात पुढे गेला की पाते उलट्या दिशेने दुमडते. लाकडात रुतलेले पाते हलवून ओढताना हेच होते. पाठीवर दगड ठेवून ठोकले तर होणारच. पाते मिटते आणि त्याच्या वाटेत चार बोटे असतात. खटक्याचे सगळे काम या एका क्षणापुरते आहे.

बिनखटक्याच्या चाकूंमध्ये जगात सर्वांत नावाजलेला म्हणजे स्वित्झर्लंडचा लाल चाकू. परदेशी जाऊन आलेल्या काकांनी किंवा मामांनी आणलेला, कपाटात जपून ठेवलेला असा एक व्हिक्टोरिनॉक्स अनेक मराठी घरांत सापडतो. श्वित्झ प्रांतातल्या इबाख गावी कार्ल एल्सनर यांनी १८८४मध्ये चाकूंचा कारखाना काढला. तेव्हा स्विस सैनिकांचे चाकू जर्मनीतल्या झोलिंगेनहून येत. ते काम आपल्याच देशात व्हावे म्हणून एल्सनर झटले आणि १८९१मध्ये त्यांनी सैन्याला पहिले चाकू दिले. १२ जून १८९७ रोजी नोंदवलेल्या अधिकाऱ्यांच्या चाकूत त्यांनी एक युक्ती केली. एकाच कमानीच्या दोन्ही अंगांना अवजारे बसवली. त्यामुळे वजन फारसे न वाढता चाकूत जास्त अवजारे मावली. १९०९मध्ये आई व्हिक्टोरिया वारली, तिचे नाव त्यांनी मालाला दिले. १९२१नंतर गंजरोधक पोलादाचे ‘इनॉक्स’ त्याला जोडले गेले.

या चाकूची खरी गुणवत्ता त्याच्या सारखेपणात आहे. दहा चाकू उघडून पाहा, दहाही एकाच जोराने उघडतील, एकाच आवाजाने बसतील. पोलादाचा कडकपणा रॉकवेल मापावर सुमारे ५६. आजच्या हौशी बाजारात हा आकडा ऐकून लोक नाक मुरडतात. पण मऊसर पोलादाला घरच्या दगडावरही पाच मिनिटांत धार येते, आणि साठच्या पुढचे कडक पोलाद घरी पाजवायला बसले की घाम फुटतो. रोजच्या वापरात चाकू किती दिवस धारदार राहतो याइतकेच तो पुन्हा धारदार करायला किती सोपा आहे, हे मोलाचे असते.

हाताला मात्र तो दर वेळी बरा लागत नाही. ९१ मिलिमीटरच्या नेहमीच्या आकारातली लाल प्लास्टिकची बाजू गुळगुळीत आणि अरुंद असते. चार-पाच थर असलेला जाड नमुना घेतला की कात्री आणि करवतीच्या कडा तळहाताला रुततात. दोन थरांचा, ६० ग्रॅमच्या आसपासचा ‘स्पार्टन’ किंवा ९३ मिलिमीटरचा खडबडीत अॅल्युमिनियमच्या मुठीचा प्रकार हातात जास्त चांगला बसतो. फळ कापायला, पाकीट फोडायला, दोरा तोडायला तो उत्तम. खुपसायला मुळीच नाही.

हे एल्सनर यांच्या वारसदारांनाही ठाऊक आहे, आणि स्विस सैन्यालाही. २००८मध्ये सैन्याने सैनिकांसाठी नवा चाकू निवडला तेव्हा तो १११ मिलिमीटरचा, एका हाताने उघडणारा आणि खटक्याचा होता. बिनखटक्याच्या चाकूने जगात नाव कमावलेल्या कारखान्याने, ज्याला रोज बर्फात, अंधारात, हातमोजे घालून काम करायचे आहे त्याच्यासाठी खटका बसवला. खटक्याच्या बाजूने याहून वजनदार साक्ष दुसरी नाही.

आता फ्रान्समधल्या साव्हुआ या डोंगराळ प्रदेशाकडे. आल्प्सच्या कुशीत, सें-जाँ-द-मोरिएन गावाच्या परिसरात, जोसेफ ओपिनेल हा लोहाराचा मुलगा १८९०मध्ये शेतकऱ्यांसाठी साधा चाकू घडवू लागला. १८९७मध्ये त्याने एक ते बारा अशी मापे ठरवली. १९०९मध्ये मुकुट आणि आशीर्वाद देणारा हात ही खूण घेतली, ती आजही पात्यावर दिसते. बीचच्या लाकडाची गोलसर मूठ, तिला चीर, त्या चिरेत पातळ पाते, आणि एक खीळ. इतकेच. तब्बल ६५ वर्षे या चाकूला खटकाच नव्हता. १९५५मध्ये मार्सेल ओपिनेल यांनी त्यावर एक फिरते कडे बसवले. चाकू उघडा, कडे अंगठ्याने फिरवा, त्यातली फट बाजूला सरकते आणि पात्याचा परतीचा रस्ता बंद होतो. २०००मध्ये हेच कडे पाते बंद ठेवण्यासाठीही फिरवता येईल असे केले गेले, म्हणजे खिशात वा पिशवीत चाकू आपोआप उघडत नाही.

पाते, मूठ, खीळ, आतले कडे, बाहेरचे फिरते कडे. पाच तुकड्यांत अख्खा चाकू. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने १९८५मध्ये जगातल्या सर्वांत सुंदर घडणीच्या शंभर वस्तूंत त्याची गणना केली, पण त्याचे सौंदर्य कळायला म्युझियमची गरज नाही. आठ नंबरचा ओपिनेल हातात घ्यावा. साडेआठ सेंटिमीटरचे पाते, वजन जेमतेम ४५ ग्रॅम. मुठीला कुठेही कोपरा नाही, डावखुऱ्यालाही तो तितकाच जमतो, आणि तासभर लाकूड तासले तरी तळहाताला घट्टा पडत नाही. आरामाच्या कसोटीवर त्याच्यासमोर दहापट किमतीचे चाकू हरतात. पाते पातळ असल्याने सफरचंद खरोखर कापले जाते. जाड पात्याचे रुबाबदार चाकू सफरचंद कापत नाहीत, फोडतात.

दोष आहेत, आणि आपल्याकडच्या हवेत ते ठळक दिसतात. आषाढात मुळशी किंवा आंबोलीकडे ओपिनेल पिशवीत ठेवून दोन दिवस भिजत हिंडले की बीचचे लाकूड फुगते आणि पाते चिरेत असे अडकते की नखाने निघत नाही. साव्हुआच्या शेतकऱ्यांनी यावर उपाय काढलेला आहे. मुठीचे मागचे टोक टेबलावर ठोकायचे, पात्याची टाच बाहेर डोकावते. या ठोक्याला त्यांच्याच मुलुखाचे नाव आहे. पावसाळ्यापूर्वी मूठ चांगली वाळवून, बिजागरीपाशी अळशीचे तेल मुरवले तर त्रास बराच कमी होतो. पाते कोणत्या पोलादाचे घ्यावे हाही प्रश्न आहे. कार्बन पोलादाला धार सुरेख लागते, पण त्याने कैरी चिरली आणि न पुसता ठेवले तर पाते काळे पडते, आणि कोकणच्या पावसात एका रात्रीत तांबूस ठिपके धरते. महाराष्ट्राच्या पश्चिमेला राहणाऱ्याने गंजरोधक पात्याचाच घ्यावा. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात कार्बनची हौस खुशाल करावी.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. ओपिनेलचे कडे आपण होऊन बसत नाही, ते फिरवावे लागते. विसरलात तर तो बिनखटक्याचाच चाकू. ज्याच्या हातून घाईत अशा गोष्टी सुटतात त्याने आपोआप बसणारा खटका घ्यावा.

आपोआप बसणाऱ्या खटक्यांत सर्वांना माहीत झाला तो पाठीवरचा. मुठीच्या पाठीला एक दांडी असते, मध्यभागी खिळीवर तोललेली, जणू छोटा सी-सॉ. पाते उघडले की दांडीचे पुढचे टोक पात्याच्या खाचेत टपकन पडते. मिटवायचे तर मागचे टोक दाबायचे. कल्पना जुनी, पण ती जगभर नेली अमेरिकेच्या बक कंपनीच्या ११० क्रमांकाच्या चाकूने. या घराण्याचा मूळपुरुष हॉइट बक १९०२च्या सुमारास कॅन्सस राज्यात लोहाराच्या हाताखाली उमेदवारी करत होता आणि जुन्या कानशींपासून पाती घडवत होता. त्याचा मुलगा अल बक याने १९६४मध्ये ११० बाजारात आणला. शिकाऱ्यांना मोठा एकसंध चाकू कमरेला लावून हिंडायचा नव्हता, पण घडीच्या चाकूवर विश्वासही नव्हता. पितळी टोके, काळसर लाकूड आणि पाठीवरचा भक्कम खटका यांनी तो विश्वास मिळवून दिला. आज अमेरिकेत कोणत्याही कंपनीच्या अशा चाकूला लोक सरसकट ‘बक नाइफ’ म्हणतात.

बकचे पोलाद कागदावर साधे आहे, ४२०एचसी. महाग पोलादांच्या यादीत ते तळाला बसेल. तरीही बकची पाती धार चांगली टिकवतात, कारण पोलादाला पाणी देण्याची त्यांची रीत. पॉल बॉस या कसबी माणसाने बसवलेली ही तापवण्या-थंडवण्याची पद्धत बकची खरी पुंजी आहे. आपल्याकडचा जुना लोहार हेच सांगत आला आहे. कोणते लोखंड यापेक्षा पाणी कसे दिले, यावर विळ्याचा जीव अवलंबून असतो. पोलादाच्या नावावर पैसे मोजणाऱ्याने हे एकदा मनाशी घोळवावे.

मात्र ११० खिशात ठेवायचा चाकू नव्हे. वजन २०० ग्रॅमच्या आसपास. पँटचा खिसा ओघळतो, म्हणून सोबत कातडी म्यान मिळते. मिटवायला दोन हात लागतात आणि खाचेत माती, तंबाखूची भुकटी, पिशवीतला कचरा साठला की दांडी पूर्ण खाली बसत नाही. खटका बसल्यासारखा वाटतो, बसलेला नसतो. हा खटका असलेल्याने खाच टूथब्रशने साफ ठेवावी.

इथून पुढचा इतिहास एका हाताने उघडण्याचा आहे. १९८१मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या गोल्डन गावच्या स्पायडर्को कंपनीने, म्हणजे सॅल ग्लेसर यांनी, पात्याला एक गोल भोक पाडले आणि मुठीला खिशात अडकवायची क्लिप लावली. दोन्ही गोष्टी आज इतक्या सर्रास दिसतात की कोणी तरी त्या पहिल्यांदा केल्या असतील हे मनातच येत नाही. त्याच सुमाराला मायकेल वॉकर या कारागिराने मुठीच्या आतल्या धातूच्या पातळ पट्टीलाच खटका बनवण्याची जुनी कल्पना नव्याने घडवली. पाते उघडले की पट्टी आपल्या ताणाने बाजूला सरकते आणि पात्याच्या टाचेखाली जाऊन बसते. बनवायला स्वस्त, वापरायला सोपा. म्हणून आज बाजारातल्या स्वस्त चाकूंत बहुतेक वेळा हाच खटका भेटतो.

आणि स्वस्तात तो सर्वांत जास्त दगा देतो. पट्टी पातळ, टाचेचा कोन जरा चुकला, तर दाब येताच पट्टी घसरते. शिवाय मिटवताना अंगठा पट्टीवर, म्हणजे नेमका पात्याच्या वाटेत ठेवावा लागतो. नवख्या माणसाला, लहान मुलाला हा खटका देऊ नये.

दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत गेलेल्या ख्रिस रीव्ह यांनी १९९०च्या सुमारास ‘सेबेन्झा’ काढला. झुलू भाषेत या शब्दाचा अर्थ काम. त्यांनी पातळ पट्टी काढून टाकली आणि टायटेनियमच्या मुठीची एक बाजूच चिरून खटका केली. चाकू जितका घट्ट आवळाल तितका तो खटका घट्ट बसतो. घडणीची सफाई अशी की पाते उघडताना कुठे धातू धातूला घासतोय असे जाणवत नाही. गुणवत्तेत तो पहिल्या रांगेत आहे, यात वाद नाही. पण अमेरिकेतच ४०० डॉलरांच्या वर मोजून मिळणारी ती मूठ म्हणजे धातूची सपाट लादी आहे, आणि तासभराच्या कामाला ओपिनेलचे लाकूड तिच्याहून सुखाचे.

अंगठा पात्याच्या वाटेतून काढण्याचा प्रश्न पुढच्या दोन खटक्यांनी सोडवला, आणि या लेखातले सर्वांत मनापासूनचे कौतुक त्यांच्या वाट्याला जाते. ऑरेगॉनच्या बेंचमेड कंपनीने १९९८मध्ये बिल मॅकहेन्री आणि जेसन विल्यम्स यांचा आडव्या दांड्याचा खटका आणला. मुठीत आरपार एक छोटा पोलादी दांडा, दोन बाजूंना दोन नाजूक स्प्रिंग. पाते उघडले की दांडा पुढे सरकून टाचेवर बसतो, मिटवताना दोन्ही बाजूंच्या गुंड्या मागे ओढायच्या. बोट पात्याच्या वाटेत कधीच येत नाही, आणि डावखुऱ्याला उजव्याइतकाच सोपा. बेंचमेडचा ‘बगआउट’ केवळ ५२ ग्रॅमचा आहे. दुबळी जागा म्हणजे त्या तारेच्या स्प्रिंग, कधीतरी एक तुटते. दुसरी चालू राहते, तेवढा धीर आहे. पेटंटची मुदत संपल्यावर हा खटका इतर कंपन्यांनीही घेतला. चीनच्या गँझोने तर त्याच्यासारखाच खटका फार स्वस्तात विकला. ग्वांगडाँग प्रांतातल्या यांगजियांग शहरात आज प्रचंड संख्येने चाकू बनतात, आणि तिथल्या चांगल्या कारखान्यांचा माल आता हिणवण्यासारखा राहिलेला नाही.

स्पायडर्कोने ‘पॅरामिलिटरी’ मालिकेत पट्टीचा खटका उचलून मुठीच्या पाठीकडे नेला. पट्टी तिथे पात्याची टाच आणि थांब्याचा खिळा यांच्या मधोमध पाचरीसारखी चेपली जाते. मिटवताना चारही बोटे पात्याच्या मागे. बळकटी आणि बोटांची सुरक्षा एकत्र बघायची तर हा खटका सर्वांत शहाणा. कोल्ड स्टीलसाठी अँड्र्यू डेम्को यांनी पाठीवरच्या जुन्या खटक्यात एक जाड खिळा घातला, त्यामुळे भार दांडीवर न येता खिळ्यावर जातो. बळकटीत तो अव्वल, पण मिटवायला अंगठ्यात जोर हवा.

बळकटीची गोष्ट निघाली की धारेची आठवण ठेवावी लागते. २००३मध्ये अमेरिकेच्या युटा राज्यातल्या ब्लू जॉन घळीत आरोन राल्स्टन या गिर्यारोहकाचा हात शिळेखाली अडकला. पाच दिवसांनंतर त्याने स्वतःचा हात कापून सुटका करून घेतली, तीही स्वस्तातल्या एका बहुअवजारी चाकूच्या बोथट पात्याने. डॅनी बॉइलच्या ‘१२७ अवर्स’मध्ये हे अनेक मराठी प्रेक्षकांनी पाहिले आहे, संगीत ए. आर. रहमानचे असल्याने जरा जास्तच. सह्याद्रीत जाणाऱ्याने त्या चित्रपटातून एवढे तरी घ्यावे: पिशवीतला चाकू घरून निघताना धार लावलेला असावा.

आता कायद्याकडे, कारण खटक्याची बदनामी तिथेही झिरपली आहे. ब्रिटनमध्ये १९८८च्या कायद्यानुसार तीन इंचांपर्यंत धारेचा घडीचा चाकू कारण न सांगता जवळ बाळगता येतो. पण १९९३च्या हॅरिस खटल्यात न्यायालयाने ठरवले की खटक्याचा चाकू या सवलतीत बसत नाही. लंडन वा लेस्टरमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाने भारतातून आणलेला किंवा फ्रान्सच्या सहलीत घेतलेला ओपिनेल खिशात टाकण्यापूर्वी हे जाणून घ्यावे. जर्मनीतही एका हाताने उघडणारे, खटक्याचे चाकू कारणाशिवाय सार्वजनिक जागी बाळगण्यावर २००८पासून बंदी आहे. हेतू समजण्यासारखा आहे. पण त्याचा परिणाम असा की कायदा पाळणाऱ्या माणसाला बोटांसाठी जास्त धोक्याचा चाकू वापरावा लागतो, आणि ज्याला कोणाला मारायचे आहे तो स्वयंपाकघरातली सुरी उचलतो, जिला खटकाही नाही आणि घडीही नाही.

दुसऱ्याच हत्याराची शिक्षा साध्या चाकूला, हे जपानमध्ये एकदा घडून गेले आहे. ‘हिगोनोकामी’ हा ह्योगो प्रांतातल्या मिकी गावचा पितळी मुठीचा, बिनखटक्याचा घडीचा चाकू शाळकरी मुले पेन्सिली तासायला वापरत. १२ ऑक्टोबर १९६० रोजी तोक्योत समाजवादी नेते इनेजिरो असानुमा यांची भर सभेत एका १७ वर्षांच्या मुलाने आखूड तलवारीने हत्या केली. हत्यार तलवार होते. पण त्यानंतर मुलांच्या हाती पाते नको अशी मोहीम देशभर झाली आणि पेन्सिलीचा चाकू दप्तरांतून गेला. मिकीत आज तो चाकू बनवणारे एकच घर उरले आहे.

आपल्याकडे शस्त्र कायद्याच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे, घरगुती, शेतीच्या वा औद्योगिक कामासाठीची हत्यारे वगळून. मोजमाप पात्याचे आहे, हे शहाणपणाचे आहे. दिल्लीत मात्र १९८०च्या अधिसूचनेने बटणावर, गरारीवर किंवा यांत्रिक रचनेने उघडणाऱ्या-मिटणाऱ्या चाकूंवर निर्बंध घातले, पाते ७.६२ सेंटिमीटर लांब आणि १.७२ सेंटिमीटर रुंद असले की पुरे. महाराष्ट्रात पोलीस अधिनियमाच्या ३७व्या कलमाखालचे मनाई आदेश वेळोवेळी निघतात. सणासुदीच्या दिवसांत, मिरवणुकीत, सभेत कुठलाही चाकू खिशात नसावा. विमानाच्या केबिनमध्ये तर नाहीच, तो सामानात टाकावा.

पण या निर्बंधांची सर्वांत मोठी किंमत मोजली ती रामपूरने. साडेचार इंचांहून लांब पात्यांवर उत्तर प्रदेशात बंदी आली, चिनी स्वस्त माल आला, आणि नवाबांच्या काळापासून चालत आलेली ही कारागिरी मोजक्या दुकानांपुरती उरली. २०२३च्या मार्चमध्ये गावातल्या एका चौकात ६.१० मीटर लांबीचा चाकू उभारला गेला, आणि चौकाला चाकू चौक म्हणू लागले. स्मारकाने हुनर जगत नाही. रामपूरच्या कारागिराला खटका, कमान आणि पितळी मूठ हे तिन्ही पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. कच्छमधल्या अंजारमध्येही सुडी-चप्पू, म्हणजे अडकित्ते आणि घडीचे चाकू, घडवणारे हात आहेत. तीन इंची गंजरोधक पाते, बोटांना जपणारा पाठीचा खटका, शिसवी गोल मूठ, आणि बागायतदार, गिर्यारोहक, मच्छीमार यांच्यासाठी केलेली घडण, असा चाकू आपल्या देशात बनायला तंत्राची काहीच अडचण नाही. अडचण आहे ती खटका म्हटला की गुन्हा दिसण्याची. ती नजर बदलली तर कोकणातल्या बागायतदाराला फ्रान्स-स्वित्झर्लंडकडे पाहावे लागणार नाही.

तोवर निवड अशी. घरात, प्रवासात, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये दोन थरांचा व्हिक्टोरिनॉक्स. बाग, डोंगर आणि शिदोरीसाठी आठ नंबरचा गंजरोधक ओपिनेल. ज्याचे हात रोज ओल्या, कष्टाच्या कामात असतात आणि ज्याला खर्च परवडतो त्याने आडव्या दांड्याचा किंवा स्पायडर्कोचा पाठीकडचा खटका घ्यावा. पातळ पट्टीचा निनावी स्वस्त चाकू कोणीच घेऊ नये.

दुकानात एवढे करून पाहावे. चाकू उघडून पाते वर-खाली आणि बाजूला हलवावे, जरा हलले तरी परत ठेवावा. बोटे बाहेर ठेवून पाठीवर तळहाताने हळूहळू दाब द्यावा. मिटवताना अंगठा कुठे जातो ते पाहावे. मग हात ओला करून मूठ आवळावी. दुकानदार कंटाळला तरी चालेल.

आणि घरात आठ-दहा वर्षांचे मूल असेल, त्याला काकडी चिरायला, फांदी तासायला शिकवायचे असेल, तर ओपिनेलचा मुलांसाठीचा सात नंबरचा चाकू शोधावा. त्याचे टोक गोल आहे, पाते आठ सेंटिमीटरचे आहे, आणि मोठ्यांच्या चाकूला आहे तेच फिरते कडे त्यालाही बसवलेले आहे.